झुरळ मेले, पण धाप का थांबेना?

शेतातल्या किडीचा बंदोबस्त करताना आपण डोळ्यांत तेल घालून असतो. घरातल्या किडीकडे मात्र काणाडोळा होतो. झुरळ म्हणजे घाण आणि अन्नाची नासाडी, एवढेच आपण समजतो. परंतु घरातल्या मुलाला सारख्या शिंका येत असतील, रात्री खोकल्याची उबळ येऊन छातीत घरघर होत असेल, तर त्याचे एक कारण स्वयंपाकघरातल्या फडताळामागेही असू शकते.

हा त्रास झुरळ चावल्याने होत नाही. झुरळाची विष्ठा, लाळ, टाकलेली कात आणि मेलेल्या शरीराचा चुरा यांत काही प्रथिने असतात. ती धुळीत मिसळतात आणि झाडलोट करताना, अंथरूण झटकताना श्वासाबरोबर आत जातात.

शरीरात काय घडते?

रोगजंतूंशी लढायला शरीरात राखणदार पेशी असतात. पिकाच्या राखणदाराने पाखरे हाकलायची सोडून वाटसरूवरच गोफण चालवावी, तसा प्रकार वावड्यात म्हणजे अ‍ॅलर्जीत घडतो. काहींचे शरीर झुरळाच्या या प्रथिनांना शत्रू मानते आणि त्यांच्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिद्रव्ये तयार करते. किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने १९६६ साली अमेरिकेत या प्रतिद्रव्याचा शोध लावला.

ही प्रतिद्रव्ये नाकातल्या व श्वासनळीतल्या विशिष्ट पेशींना चिकटून बसतात. तेव्हा माणसाला काहीच जाणवत नाही. पुन्हा तीच धूळ आत गेली, की या पेशी हिस्टामीन व इतर द्रव्ये बाहेर टाकतात. काही मिनिटांतच नाक वाहू लागते, श्वासनळ्या सुजतात, कफ वाढतो, नळ्या आवळतात आणि धाप लागते. काही तासांनी आणखी पेशी तेथे जमतात व सूज टिकून राहते. हे वारंवार घडले, की श्वासनळ्या इतक्या हळव्या होतात की चुलीचा धूर किंवा थंड वाराही पुरतो.

अमेरिकेतील दाटीवाटीच्या शहरी वस्त्यांत ४७६ दमेकरी मुलांची पाहणी झाली. ती १९९७ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील शेकडा ३७ मुलांना झुरळाचे वावडे निघाले. ज्यांना वावडे होते आणि ज्यांच्या झोपायच्या खोलीतही ही धूळ भरपूर होती, त्यांना इस्पितळात दाखल करण्याची पाळी इतरांच्या तिपटीहून अधिक वेळा आली.

काय करावे?

शेतातले उरलेले कीटकनाशक पंपात भरून घरात कधीही मारू नये. ते अन्नात व अंथरुणात उतरते. त्याच्या वाफेने दमेकऱ्याची धाप उलट वाढते. शिवाय झुरळे मेली तरी त्यांचा चुरा धुळीत महिनोन्‌महिने राहतो. म्हणून पुढील क्रमाने काम करावे :

१. रात्री खरकटी भांडी, उघडे पीठ, गूळ ठेवू नये. मोरी कोरडी ठेवावी. झुरळ अन्नावाचून बरेच दिवस काढते, पाण्यावाचून तितके टिकत नाही.

२. भिंतीच्या व चौकटीच्या भेगा बुजवाव्यात. धान्याची पोती भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर रचावीत. रिकामे बारदान उन्हात झटकावे.

३. बोरिक पावडर, कणीक व साखर मळून केलेल्या गोळ्या फटींत, फडताळामागे ठेवाव्यात. हे विषच आहे. मुले, कोंबड्या, कुत्री-मांजरे यांना ते सापडता कामा नये. गुण यायला काही दिवस लागतात.

४. नंतर मेलेली झुरळे व विष्ठा ओल्या फडक्याने पुसून काढावी, अंथरुणे धुवावीत. कोरड्या झाडूने धूळ उडते. दमेकरी मुलाला त्या वेळी घराबाहेर ठेवावे.

अर्थात प्रत्येक दमा झुरळामुळे होत नाही. धुळीतले बारीक किडे, बुरशी, परागकण हीही कारणे असतात. तेव्हा मुलाला डॉक्टरांकडे न्यावे. ओढायच्या औषधाची सवय लागते, ही समजूत चुकीची आहे. ते मनाने बंद करू नये. मुलाला धापेने बोलता येईना किंवा ओठ निळे पडू लागले, तर सकाळची वाट न पाहता तडक इस्पितळ गाठावे.

पीक हातचे गेले तर पुढचा हंगाम असतो. मुलाच्या श्वासाच्या बाबतीत तशी वाट पाहता येत नाही.