एकादशी, पोट आणि पेशीतला तेलाचा थेंब

केरीच्या धक्क्यावर तेरेखोलला जाणाऱ्या फेरीबोटीची वाट बघत उभी होते. शेजारच्या काकी म्हणाल्या, "एकादशी सोळा तास कडक धरली की पेशीच चरबी खातात म्हणे. नोबेल मिळालंय त्याला. मग माझं पोट का उतरत नाही गो?" बोट येईपर्यंत जमलं तेवढं सांगितलं. उरलेलं इथे लिहिते.

नोबेल मिळालं हे खरं. २०१६ साली, जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना. पण त्यांनी माणसांचे उपास तपासले नव्हते. पाव फुगवणारं यीस्ट नायट्रोजनविना उपाशी ठेवलं, तेव्हा त्या पेशी आपलेच भाग गुंडाळून पचवताना त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. पुढे त्यामागची जनुकं त्यांनी शोधली. 'ऑटोफॅजी', म्हणजे स्वतःलाच खाणं, हे नाव तर बेल्जियमच्या क्रिस्तियाँ द दुव यांनी १९६३ सालीच दिलं होतं. सोळा तासांचा आकडा ओसुमींच्या कामात नाही. जिवंत माणसाच्या कोणत्या अवयवात ही क्रिया कितव्या तासाला वाढते, हे मोजणंच फार अवघड आहे.

आता काकींचं पोट. उपाशीपोटी तिथली चरबी मुख्यतः ऑटोफॅजीने वितळत नाही. इन्सुलिन उतरलं की चरबीच्या पेशीतली लायपेज नावाची विकरं तेलाच्या साठ्याला थेट भिडतात, स्निग्धाम्लं सुटी होतात आणि रक्तात जातात. याला लायपोलिसिस म्हणतात, आणि ही वाट वेगळी. गंमत पुढेच आहे. २००९ साली संशोधकांनी उंदरांच्या चरबीच्या ऊतींत ऑटोफॅजीला लागणारं एक जनुक बंद केलं. उंदीर लठ्ठ व्हायला हवे होते ना? ते उलट बारीक राहिले, कारण चरबीच्या पेशी नीट वाढल्याच नाहीत. 'ऑटोफॅजी वाढली की चरबी घटते' हे समीकरण इथेच मोडतं.

मग पेशी चरबी खाते हे खोटं का? मुळीच नाही, फक्त जागा वेगळी. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आईनस्टाईन वैद्यकीय महाविद्यालयात रजत सिंग, मार्क झाया आणि सहकाऱ्यांनी २००९ साली हे दाखवलं ते यकृताच्या पेशींत. त्याला लिपोफॅजी म्हणतात. पेशीतला चरबीचा थेंब म्हणजे नुसता साचलेला मेद नव्हे. आत तेल, वर फॉस्फोलिपिडांचा एकपदरी पापुद्रा, त्यावर पेरिलिपिन नावाची राखणदार प्रथिनं. आधी हे राखणदार हटवावे लागतात. थेंब फार मोठा असला तर लायपेज त्याला बारीक करतात. मग दुपदरी पडद्याची पिशवी त्याला वेढते आणि लायसोसोम या आम्लाने भरलेल्या कोठीत नेऊन रिकामी होते. तिथलं आम्ल-लायपेज तेल फोडतं आणि मोकळी झालेली स्निग्धाम्लं मायटोकाँड्रियात जळतात. हे एकच विकर जन्मतः नसलं तर काय होतं, ते वोलमन नावाच्या दुर्मीळ आजारात दिसतं: तान्ह्या बाळाच्या यकृतात आणि प्लीहेत चरबी साचत जाते.

'ताण आला की चरबी जळते' असंही ऐकू येतं, त्यातही घोटाळा आहे. इथला ताण म्हणजे मनाची काळजी नव्हे. पेशीला अन्न किंवा प्राणवायू कमी पडणं, हा तो ताण. शिवाय सिंग यांच्याच प्रयोगांत दिसलं, की दीर्घकाळ चरबीयुक्त आहार दिलेल्या उंदरांत लिपोफॅजी मंदावते. सगळ्यांत जास्त गरज असते तिथेच ती ढिली पडते.

उपासाने यकृत लगेच रिकामं होतं, असंही समजू नये. पोटातून सुटलेली स्निग्धाम्लं यकृताकडेही येतात, त्यामुळे उंदीर रात्रभर उपाशी ठेवला तर त्याच्या यकृतातले थेंब उलट वाढतात. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक यांच्या गटाने उंदरांच्या यकृतावर केलेलं काम मला फार आवडतं. पोट भरलेलं असताना कायनेसिन नावाचं प्रथिन हे थेंब ओढत पेशीच्या कडेकडे नेतं, आणि तिथून चरबी रक्तात जायला तयार होते. उपासात इन्सुलिन उतरतं, कायनेसिन थेंबावरून सुटतं आणि थेंब आतच राहतात. एवढी चरबी एकदम रक्तात लोटू नये म्हणून यकृत असं दार ओढून घेतं! उपाशी पेशी आपले पडदे पचवून सुटलेल्या स्निग्धाम्लांचे नवे थेंबही बांधते, नाहीतर मोकळी स्निग्धाम्लं मायटोकाँड्रियाला इजा करतात. चरबी साठवणं हाही तिचा बचावच.

काकींच्या ताटाबद्दलही बोलले. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचा स्टार्च. खिचडी पोटात गेली की साखर वाढते, इन्सुलिन चढतं आणि लायपेज थांबतात. देवासाठी ती खावी, पेशीसाठी नाही. एवढ्यात त्यांनी सांगितलं, की मधुमेहाची गोळी एकादशीलाही चुकवत नाही, जेवण मात्र चुकवते. तिथे मात्र मी घाबरले. सल्फोनिलयुरिया गटातली गोळी असेल तर उपाशीपोटी साखर धोकादायक उतरू शकते. घाम, थरथर, भोवळ, कधी बेशुद्धीही. त्यांना गोळीचं नाव आठवेना. बोट लागली तेव्हा पुढची एकादशी यायच्या आत पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जायचं त्यांनी कबूल केलं होतं.