पदवी घरबसल्या, भरारी गावाजवळ : वैमानिक-शिक्षणाचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की घरोघरी पुढील शिक्षणाची चर्चा सुरू होते. अभियांत्रिकी, वैद्यक, वाणिज्य या परिचित वाटांबरोबर आता वैमानिक होण्याची वाटही अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांत गांभीर्याने विचारात घेतली जाते. या वाटेचा खर्च मोठा असल्यामुळे पालक स्वाभाविकपणेच काटकसरीचा मार्ग शोधतात. त्यातून एक पर्याय हमखास पुढे येतो : विमानन विषयातील पदवी ऑनलाइन घ्यावी आणि उड्डाणाचे प्रशिक्षण जवळच्या एखाद्या संस्थेत पूर्ण करावे. वसतिगृहाचा खर्च वाचतो, मुलगा वा मुलगी नजरेसमोर राहते, पदवी आणि परवाना एकाच वेळी पदरात पडतात, असा हा हिशेब असतो.

हिशेब आकर्षक आहे, यात शंका नाही. तथापि ज्या निर्णयासाठी राहते घर तारण ठेवावे लागू शकते, तो निर्णय माहितीपत्रकातील रंगीत छायाचित्रांवर सोडून चालत नाही. पदवी आणि परवाना या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्यांचे मोल वेगळे, त्या देणारी यंत्रणा वेगळी आणि त्यांतील जोखीमही वेगळी. त्यांची किंमत आधी स्वतंत्रपणे जोखावी आणि मगच बेरीज करावी, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

परवाना कोण देतो, पदवी कोण देते?

भारतात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजेच सीपीएल, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय अर्थात डीजीसीए देते. त्यासाठी पदवीची अट नाही. भौतिकशास्त्र व गणित हे विषय घेऊन बारावी उत्तीर्ण असणे, वयाची अठरा वर्षे पूर्ण असणे, पहिल्या श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र, लेखी परीक्षा आणि किमान २०० तासांचे उड्डाण हे या परवान्याचे मुख्य आधार आहेत. एअर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाची तांत्रिक माहिती हे लेखी परीक्षेचे विषय असून उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण लागतात. याखेरीज रेडिओ संभाषणाची परीक्षा निराळी.

दोनशे तासांतही वाटणी आहे. त्यांपैकी १०० तास विमानाची पूर्ण जबाबदारी स्वतःवर घेऊन उडावे लागते. किमान २० तास दूरच्या उड्डाणांचे असावे लागतात आणि त्यांत ३०० सागरी मैलांची एक फेरी असते, जिच्यात दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरणे आवश्यक असते. १० तास केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचे आणि ५ तास रात्रीचे. यांतील एकही तास संगणकाच्या पडद्यावरील वर्गात बसून मिळत नाही. मान्यताप्राप्त सिम्युलेटरवरचे मोजके तास उपकरण-उड्डाणात धरले जातात. मात्र तो सिम्युलेटर प्रशिक्षण संस्थेतच असतो.

पदवीचे अधिकार विद्यापीठाकडे आहेत आणि त्यावरील देखरेख विद्यापीठ अनुदान आयोगाची. वैमानिकाच्या आसनावर बसू द्यायचे की नाही, याचा निर्णय या पदवीवरून होत नाही. ऑनलाइन शिकण्यातही एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. डीजीसीएच्या लेखी परीक्षांची तयारी करून घेणारे अनेक शिकवणी वर्ग ऑनलाइन चालतात आणि ते उपयुक्तही असतात. परंतु ती केवळ परीक्षेची तयारी असते. तिला पदवी समजण्याची गल्लत करू नये.

ही कल्पना आली कोठून?

ऑनलाइन पदवी आणि स्थानिक उड्डाण प्रशिक्षण यांची जोडी मुख्यतः अमेरिकेत रूढ झाली. तेथे लहान विमानतळांचे जाळे दाट आहे आणि गावातल्या उड्डाण शाळेत सवडीने शिकण्याची परंपरा जुनी आहे. एम्ब्री-रिडल या विमानन शिक्षणातील ख्यातनाम विद्यापीठाची पदवीही दूरस्थ पद्धतीने घेता येते. तसेच वैमानिकाकडे आधीच असलेल्या परवान्याचे काही श्रेयांक पदवीत धरले जातात. नोकरी सांभाळून पदवी पूर्ण करू इच्छिणाऱ्यांना ही सोय मोलाची ठरते.

परंतु तेथेही एक बारीक अट अनेकांच्या नजरेतून सुटते. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलो शहराजवळ कोलगन एअर कंपनीचे विमान कोसळून ५० जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर २०१० मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला आणि २०१३ पासून प्रवासी कंपनीच्या सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १,५०० तासांच्या अनुभवाची अट लागू झाली. विमानन विषयातील पदवीधरास यात सवलत मिळून १,००० तास पुरतात. मात्र ही सवलत हवी असेल, तर व्यावसायिक परवान्याचे आणि उपकरण-उड्डाणाचे प्रशिक्षण त्या विद्यापीठाच्या अथवा त्याच्याशी रीतसर करार असलेल्या मान्यताप्राप्त शाळेतच झालेले असावे लागते. गावातल्या कोणत्याही शाळेत परवाना घेतला आणि पदवी ऑनलाइन मिळवली, तर पदवी खरी असूनही पाचशे तासांची सवलत हातची जाते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आप्तांच्या सल्ल्याने तेथे शिकण्याचा विचार करणाऱ्या मराठी कुटुंबांनी शुल्काची चौकशी करण्यापूर्वी या कराराची चौकशी करावी. तेथला परवाना घेऊन भारतात परतल्यास डीजीसीएकडून त्याचे रूपांतर करून घ्यावे लागते आणि त्यासाठी येथील काही परीक्षा द्याव्या लागतात, हेही गृहीत धरावे.

आपल्याकडील नियम काय सांगतात?

भारतात चित्र आणखी निराळे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने काही विषयांच्या पदव्या ऑनलाइन अथवा दूरस्थ पद्धतीने देण्यास मनाई केली आहे. त्या यादीत अभियांत्रिकी, वैद्यक, विधी या विषयांबरोबर विमान-देखभाल आणि विमानन यांचाही समावेश आहे. त्यामुळे एखाद्या भारतीय संस्थेने 'ऑनलाइन विमानन पदवी' देऊ केली, तर तिचे अधिकृत नाव काय, ती देणारे विद्यापीठ कोणते आणि आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या अभ्यासक्रमाला चालू वर्षाची मान्यता दिसते का, हे स्वतः पाहावे. विमानन व्यवस्थापनासारख्या नावाचे अभ्यासक्रम व्यवस्थापन शाखेतले असतात. विमानतळ वा विमान कंपनीच्या कार्यालयीन कामासाठी ते उपयोगी पडू शकतात, परंतु वैमानिकाच्या परवान्याशी त्यांचा संबंध नसतो.

परदेशी विद्यापीठाच्या ऑनलाइन पदवीबाबतही सावध असावे. परदेशी पात्रतांच्या समकक्षतेसाठी आयोगाने २०२५ मध्ये विनियम केले. त्यांनुसार शिक्षण प्रत्यक्ष उपस्थित राहून घेतलेले असणे अपेक्षित आहे. घरी बसून मिळवलेली परदेशी पदवी येथे शासकीय नोकरीच्या वा पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी अडून राहण्याची शक्यता आहे.

मग पदवी घ्यावी की न घ्यावी?

परवान्यासाठी पदवी लागत नाही. तरीही ती घ्यावी, असेच आमचे मत आहे. वैमानिकाची उपजीविका दरवर्षीच्या वैद्यकीय तपासणीवर अवलंबून असते. डोळे, कान, हृदय यांपैकी कशातही दोष निघाला, तर ऐन उमेदीत विमानापासून दूर व्हावे लागते. शिवाय हा व्यवसाय चढउतारांचा आहे. २०१२ मध्ये किंगफिशरची, एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्टची उड्डाणे थांबली. २०२० च्या महासाथीत तर जगभरातील विमाने जमिनीवरच उभी राहिली. अशा वेळी हाती केवळ बारावीचे प्रमाणपत्र आणि वैमानिकाचा परवाना असलेल्या तरुणापुढे फारच थोडे पर्याय उरतात.

म्हणून पदवी ही दुसरी शिदोरी समजावी. ती विमानन विषयातीलच असावी, असा आग्रह मात्र नसावा. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ किंवा नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांची वाणिज्य वा कला शाखेची पदवी वर्षाला काही हजार रुपयांत पूर्ण होऊ शकते. मान्यताप्राप्त दूरस्थ पदवीला आयोगाने पारंपरिक पदवीशी समकक्ष मानले आहे आणि पदवी लागणाऱ्या अनेक स्पर्धा परीक्षांची दारे तिने उघडतात. काही ठिकाणी मात्र नियमित पदवीचीच अट असते. उदाहरणार्थ, भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या हवाई वाहतूक नियंत्रण विभागातील थेट भरतीच्या जाहिरातींत भौतिकशास्त्र व गणितासह पूर्णवेळ नियमित विज्ञान पदवी किंवा अभियांत्रिकी पदवी मागितलेली आढळते. ज्यांना ती वाट मोकळी ठेवायची आहे, त्यांनी महाविद्यालयात जाऊन विज्ञान पदवी घ्यावी आणि उड्डाण नंतर करावे. ज्यांना पदवी व उड्डाण प्रशिक्षण एकाच छताखाली हवे आहे, त्यांच्यासाठी मुंबई विद्यापीठाशी संलग्न बी. एस्‌सी. एव्हिएशन अभ्यासक्रम चालविणाऱ्या बॉम्बे फ्लाइंग क्लबसारख्या संस्थांचा पर्याय आहे.

'जवळची' संस्था कशी पारखावी?

महाराष्ट्रात बारामती, धुळे, गोंदिया येथे उड्डाण प्रशिक्षण चालते. इंदूर वा बडोद्याच्या मराठी वाचकांनाही आपल्या परिसरात अशी सोय सापडेल. तथापि अंतर हा संस्था निवडण्याचा शेवटचा निकष असावा. संस्थेकडे प्रत्यक्ष उडण्याच्या स्थितीतील विमाने किती, प्रशिक्षक किती, विद्यार्थी किती आणि मागील तुकडीला २०० तास पूर्ण करण्यास किती महिने लागले, हे प्रश्न आधी विचारावेत. ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए उड्डाण प्रशिक्षण संस्थांची श्रेणीवारी जाहीर करू लागली आहे, तीही पाहावी.

पावसाळ्यातील ढग, विमानांची दुरुस्ती आणि प्रशिक्षकांची टंचाई यांमुळे दीड वर्षाचे वेळापत्रक अडीच-तीन वर्षांवर जाणे या क्षेत्रात नवे नाही. विलंबाचा आणखी एक तोटा असा, की एकट्याने उडण्याच्या शंभर तासांपैकी किमान १५ तास परवान्याच्या अर्जापूर्वीच्या सहा महिन्यांतील असावे लागतात. खंड पडला, तर ते पुन्हा विकत घ्यावे लागतात. याच रिकाम्या महिन्यांत दूरस्थ पदवीचा अभ्यास उत्तम प्रकारे होऊ शकतो, हा या जोडीचा खरा लाभ आहे.

पैशाची बाजू

आज भारतात परवान्यापर्यंतचा खर्च साधारणतः चाळीस लाख रुपयांच्या पुढे जातो. त्यानंतर विशिष्ट प्रवासी विमान चालविण्याच्या प्रशिक्षणाचा, म्हणजे टाइप रेटिंगचा, खर्च वेगळा असतो आणि तोही काही लाखांचा असतो. पालक बहुधा पहिल्या आकड्यावर थांबतात, आणि परवाना हाती येऊनही नोकरीच्या उंबरठ्यावर पैसा संपतो.

भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत डीजीसीएची मान्यता असलेल्या वैमानिक प्रशिक्षणाचा समावेश आहे. साडेसात लाखांवरील कर्जास मूर्त तारण लागते. चार लाखांवर देशातील शिक्षणासाठी ५ टक्के व परदेशासाठी १५ टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्त्यांपासून सूट असते, परंतु व्याजाची आकारणी या काळातही चालू राहते.

उदाहरण घेऊ. ४० लाखांचे कर्ज १० टक्के दराने १५ वर्षांत फेडायचे झाल्यास मासिक हप्ता सुमारे ४३ हजार रुपये येतो आणि एकूण परतफेड ७७ लाखांवर जाते. संपूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी उचलली आणि सवलतीच्या तीन वर्षांचे व्याज भरले नाही, तर सुमारे १२ लाखांची भर पडून हप्ता ५५ हजारांच्या वर जातो. म्हणून शुल्क एकरकमी भरण्याचा आग्रह धरणाऱ्या संस्थेपासून सावध राहावे. उडालेल्या तासांच्या प्रमाणात टप्प्याटप्प्याने रक्कम देण्याची तरतूद करारात असावी. तिने व्याज वाचते आणि संस्था अडचणीत आली, तरी न उडालेल्या तासांचे पैसे अडकत नाहीत. सवलतीच्या काळात शक्य तेवढे व्याज भरत जाणेही हिताचे ठरते. जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावटही मिळते.

क्रम महत्त्वाचा

या साऱ्याचा अर्थ एवढाच, की पावले योग्य क्रमाने पडावीत. प्रथम वैद्यकीय तपासणी. कारण तीत मोठा दोष निघाल्यास पुढचा सारा खर्च वाचतो. त्यानंतर घरी राहून लेखी परीक्षांची तयारी करावी आणि सोबत मान्यताप्राप्त दूरस्थ पदवीस प्रवेश घ्यावा. एवढ्यासाठी लाखांचे कर्ज काढावे लागत नाही आणि पाल्याची खरी आवड व चिकाटीही या काळात कळून येते. एक-दोन परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर संस्थेला प्रत्यक्ष भेट द्यावी, जुन्या विद्यार्थ्यांशी बोलावे, करार वाचावा आणि मगच कर्जाचा अर्ज करावा. अर्ज करताना टाइप रेटिंगचा खर्च आणि वर्षभराच्या विलंबाची तरतूद शाखाधिकाऱ्यांसमोर मोकळेपणाने मांडावी.

मुलांना आकाश खुणावत असेल, तर पालकांनी भीतीपोटी त्यांना अडवू नये. त्यांच्या उमेदीला वैद्यकीय प्रमाणपत्राची खात्री, पदवीची जोड आणि घराला पेलणाऱ्या हप्त्याची शिस्त लाभावी. घर तारण ठेवण्याची वेळ आलीच, तर ती या क्रमातील शेवटच्या पायरीवर यावी. तोवर आपल्या पाल्याला हे खरोखर जमणार आहे का, याचे उत्तर घरातल्या सर्वांना मिळालेले असेल.