एका सिनेमाचे किती मालक?

भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ 1965 साली पडद्यावर आला. आज एखाद्या ओटीटीवाल्याला तो आपल्या अ‍ॅपवर ठेवायचा आहे, असे समजू. परवानगी कोणाकडे मागायची? प्रभात फिल्म कंपनी 1929 साली कोल्हापुरातच सुरू झाली, जयप्रभा स्टुडिओही इथलाच. या शहराला असा प्रश्न कधी ना कधी पडणारच.

पहिला गैरसमज प्रिंटचा. रिळांचे डबे ज्याच्या माळ्यावर, त्याचा सिनेमा, असे कायदा मानत नाही. डबा ही वस्तू आहे. कॉपीराइट म्हणजे त्या कृतीची प्रत काढण्याचा आणि ती लोकांपर्यंत पोचवण्याचा हक्क. डबा विकला म्हणून हक्क आपोआप विकला जात नाही.

आता मुदत पाहू. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा पहिला मालक निर्माता. त्याचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षे टिकतो. म्हणजे ‘साधी माणसं’ची मुदत 31 डिसेंबर 2025 रोजी संपली. त्याच्या आदल्या वर्षीच्या ‘मराठा तितुका मेळवावा’ची 2024 अखेर.

इथेच अनेकजण सुटकेचा निःश्वास टाकतात आणि फसतात. कायद्याचे कलम 13 सांगते की चित्रपटाचा कॉपीराइट वेगळा आणि त्यात वापरलेल्या कथा, गीत, संगीताचा वेगळा. या दुसऱ्या हक्काची मुदत प्रदर्शनावरून मोजत नाहीत; इथे लेखक-संगीतकाराची हयात आणि त्यानंतरची 60 वर्षे मोजतात. भालजी 1994 साली गेले; त्यांच्या लेखनाची मुदत 2054 अखेर. याच चित्रपटातले ऐरणीचे गाणे लिहिणारे जगदीश खेबुडकर 2011 मध्ये गेले. त्यांच्या शब्दांची मुदत 2071 अखेर. संगीत ‘आनंदघन’ या नावाने लता मंगेशकरांचे. त्या फेब्रुवारी 2022 मध्ये गेल्या, म्हणून चालींची मुदत 2082 अखेर. सिनेमा मोकळा, त्यातले गाणे मात्र आणखी काही दशके बांधलेले.

आणखी एक गाठ आहे. मुदत गीतकाराच्या आयुष्यावर मोजली, तरी हक्क त्याच्या वारसांकडेच असेल असे नाही. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माताच, करारात वेगळे लिहिले नसेल तर. निर्मात्याने ते हक्क पुढे रेकॉर्ड कंपनीला दिलेले असू शकतात. म्हणून ओटीटीवाल्याचा वकील आधी वारसांची यादी नव्हे, करारांची साखळी मागतो: निर्मात्याने कोणाला दिले, त्याने पुढे कोणाला, आणि प्रत्येक कागदावर माध्यम कोणते लिहिले आहे.

माध्यमाचा मुद्दा कळीचा. 1965 च्या करारात इंटरनेट कुठून येणार? 2012 च्या दुरुस्तीने नव्या करारांपुरते उत्तर दिले: करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यवहारात नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर ते हक्क गेले असे धरता येत नाही. शिवाय चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा समान वाटा त्यांना लिहून देऊनही सोडता येत नाही. जुन्या करारात मात्र एकेका शब्दाचा कीस पाडावा लागतो.

मग रेडिओसारखा ठरावीक दर भरून गाणी वाजवता येणार नाहीत का? कलम 31-ड मध्ये प्रसारणासाठी तशी सोय आहे. पण ‘टिप्स’ विरुद्ध ‘विंक’ या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये ही सोय इंटरनेट स्ट्रीमिंगला लागू नाही असे ठरवले, आणि 2022 मध्ये खंडपीठाने तेच कायम ठेवले. तेव्हा मालकाशी बसून बोलणी करण्याला पर्याय नाही.

चोरीचे काय? कोणी तुमचा चित्रपट एखाद्या व्हिडिओ साइटवर चढवला, तर हक्क दाखवणाऱ्या तपशिलांसह लेखी तक्रार करायची. 2013 च्या नियमांनुसार 36 तासांत तो दिसेनासा करायचा असतो. मात्र 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा दिसू लागू शकतो. एक साइट बंद केली की नाव बदलून दुसरी उगवते. त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने 2019 मध्ये तोडगा काढला: अशा नव्या आरसा-साइटवर नवा दावा न लावता आधीचाच मनाई हुकूम वाढवून घेता येतो.

हे सगळे मालकीचे. पडद्यावर काय दाखवायचे, हा विषय निराळा. ओटीटीसाठी सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र लागत नाही. फेब्रुवारी 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्लॅटफॉर्मने स्वतःच वयाची वर्गवारी लावायची: सर्वांसाठी, 7, 13 किंवा 16 वर्षांवरील, आणि प्रौढांसाठी. तक्रार आधी प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जाते, त्याने 15 दिवसांत निर्णय द्यायचा. त्यावर उद्योगाची स्वनियमन संस्था आणि शेवटी सरकारी समिती, अशी ही रचना. पत्रकार निखिल वागळे यांच्यासह इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने 14 ऑगस्ट 2021 रोजी आचारसंहितेच्या सक्तीशी संबंधित पोटनियमांना अंतरिम स्थगिती दिली होती.

आज कोल्हापुरात लघुपट किंवा वेब मालिका करणाऱ्याने यातून एवढे घ्यावे: पटकथाकार, गीतकार, संगीतकार यांच्याशी पहिल्याच दिवशी लेखी करार करावा आणि त्यात मोबदला, माध्यम, मुदत व प्रदेश चारही लिहावेत. मुदत लिहिली नाही तर कायदा 5 वर्षेच धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मग परदेशातल्या मराठी प्रेक्षकासाठी पुन्हा सही मागत फिरावे लागते.