फील्ड भरायचं राहिलं तर?

मागच्या भागात आपण गो भाषेतलं स्ट्रक्ट पाहिलं. आज त्यातल्या कॉन्फिगरेशनच्या फील्डला नाव कसं द्यायचं ते बघू.

फौजेत रायफल हातात आली की आधी सेफ्टी शिकवतात. तुम्ही काहीच केलं नाही, तर हत्यार सेफवरच राहिलं पाहिजे. फील्डच्या नावालाही हाच नियम लावा.

गोमध्ये फील्ड भरलं नाही, तर भाषा स्वतःच त्यात शून्य मूल्य ठेवते. आकड्याला 0, स्ट्रिंगला रिकामी स्ट्रिंग, बूलला फॉल्स. एरर येत नाही. म्हणून नाव ठरवताना विचारायचं: हे भरायला कोणी विसरलं तर काय होईल?

मी हे विचारलं नव्हतं. आमच्या सोसायटीच्या पंपासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. फील्डचं नाव ठेवलं ‘चेकसम्प’, म्हणजे पंप सुरू करण्याआधी खालच्या टाकीत पाणी आहे का ते बघ. दुसऱ्या विंगची कॉन्फिगरेशन लिहिताना ती ओळ माझ्याकडून राहून गेली. फॉल्स, म्हणजे बघू नको! पंप कोरडा चालला, मोटर जळली, दोन दिवस टँकर मागवावा लागला. मग नाव बदलून ‘स्किपसम्पचेक’ केलं. आता विसरलं तरी तपासणी होतेच. ती टाळायची असेल, तर मुद्दाम ट्रू लिहावं लागतं.

गोच्या स्टँडर्ड लायब्ररीत हा विचार आधीपासून आहे. एचटीटीपी ट्रान्सपोर्टमध्ये ‘डिसेबलकीपअलाइव्ह्ज’ आहे, ‘एनेबल’ नाही. कारण कनेक्शन पुन्हा वापरणं ही नेहमीची रीत. टीएलएसच्या कॉन्फिगमध्ये ‘इनसिक्युअरस्किपव्हेरिफाय’ आहे. ते ट्रू केलं की सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासलं जात नाही. धोक्याची पाटी नावातच लावली आहे. लिहिणारा थबकतो, तपासणाऱ्याच्याही नजरेत भरतं.

याची किंमत आहे. कोडमध्ये ‘स्किप नसेल तर तपास’ अशी दुहेरी नकाराची अट लिहावी लागते, वाचताना क्षणभर अडखळायला होतं. जळलेल्या मोटरपेक्षा ते परवडतं.

आणि प्रत्येक वेळी नाव पुरत नाही. एचटीटीपी क्लायंटच्या ‘टाइमआउट’मध्ये 0 म्हणजे मर्यादाच नाही. समोरून उत्तर आलं नाही, तर प्रोग्राम वाट पाहत बसेल. तिथे आकडा आपणच भरायचा.

गृहपाठ: आपलं एक स्ट्रक्ट उघडा, सगळी फील्ड रिकामी धरा आणि काय घडेल ते कागदावर लिहा. जिथे काळजात धस्स होईल, तिथलं नाव बदला.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद!