बोताफोगो आणि पनवती

रिओ द जानेरोत फुटबॉलच्या गप्पा निघाल्या की एक वाक्य हमखास कानावर येतं: असल्या गोष्टी फक्त बोताफोगोच्याच नशिबी. इतर क्लबांचे लोक ते हसून म्हणतात आणि बोताफोगोवाले सुस्कारा टाकून. पण दोघांचंही त्यावर एकमत असतं. शुभाशुभ मानण्यात या क्लबचा हात धरणारा दुसरा क्लब ब्राझीलमध्ये सापडणार नाही.

१९४८ साली बिरिबा नावाचं एक काळं-पांढरं भटकं कुत्रं सामना चालू असताना मैदानात घुसलं आणि बोताफोगो जिंकला. अध्यक्ष कार्लितो रोशा यांनी कुत्र्याला शुभशकुन ठरवलं आणि पुढच्या प्रत्येक सामन्याला ते हजर राहील अशी व्यवस्था केली. क्लबच्या कचेरीतल्या पडद्यांना ते गाठी मारून ठेवत, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांचे पाय बांधले जातील, अशीही आख्यायिका आहे. त्या वर्षी रिओचं विजेतेपद मिळालं, त्यामुळे कुत्र्यावर आणि गाठींवर शंका घ्यायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

क्लबचा जन्मही असाच दोन तुकड्यांतला आणि एका मृत्यूतून झालेला. १८९४ चा नौकानयन क्लब वेगळा आणि १९०४ चा फुटबॉल क्लब वेगळा. नाव एकच, कारण दोन्ही बोताफोगो उपसागराच्या काठचे. १९४२ च्या जूनमध्ये या दोन क्लबांमध्येच बास्केटबॉलचा सामना होता. त्यात फुटबॉल क्लबकडून खेळणारा आर्मांदो आल्बानो कोसळला आणि गेला. त्या धक्क्यातच दोन्ही अध्यक्षांनी एकत्र यायचं ठरवलं आणि ८ डिसेंबर १९४२ रोजी विलीनीकरण झालं. छातीवरचा एकटा तारा नौकानयनवाल्यांचा, काळे-पांढरे पट्टे फुटबॉलवाल्यांचे. ८ डिसेंबर ही तारीख पुढे पुन्हा येणार आहे.

मग आला सुवर्णकाळ. गारिंशा, निल्टन सांतोस, दिदी, झागालो, आमारिल्दो. १९६२ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना ब्राझीलने जिंकला तेव्हा मैदानावरच्या अकरांपैकी हे पाच बोताफोगोचे होते. साठचं दशक सरलं आणि क्लब वनवासात गेला. १९६८ नंतर पहिलं मोठं विजेतेपद उजाडायला १९८९ चा जून लागला. तब्बल २१ वर्षं, आणि विजयाची तारीखही २१! बोताफोगोवाल्यांनी त्यात आणखी कुठेकुठे एकवीस शोधून काढले, ते सांगत बसलं तर लेख संपेल. १९९५ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळालं. त्यानंतर २००२, २०१४ आणि २०२० अशा तीन हंगामांत संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. तिजोरीत खडखडाट होता आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर.

ब्राझीलमध्ये क्लब सभासदांच्या मालकीचे असत. २०२१ च्या कायद्याने त्यांना फुटबॉलचा कारभार कंपनीकडे सोपवायची मुभा दिली आणि २०२२ च्या सुरुवातीला जॉन टेक्स्टर या अमेरिकन उद्योजकाने बोताफोगोच्या फुटबॉल कंपनीतला ९० टक्के वाटा घेतला. पैसा आला, परदेशातून खेळाडू आले. पनवतीवर मात्र पैशाचा इलाज चालत नाही, हे २०२३ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं.

राष्ट्रीय लीग ३८ सामन्यांची. २०२३ मध्ये बोताफोगोने पहिल्या १९ सामन्यांत ४७ गुण काढले आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या संघावर १३ गुणांची आघाडी घेतली. अर्ध्या हंगामात याहून जास्त गुण त्याआधी कुणी मिळवले नव्हते. १ नोव्हेंबरला घरच्या मैदानावर पाल्मेरासविरुद्ध मध्यंतराला ३-० अशी आघाडी होती. मग बचावपटू आद्रिएल्सनला लाल कार्ड मिळालं, तिकिन्यो सोआरेसची पेनल्टी अडवली गेली आणि सामना ३-४ असा गेला. आठ दिवसांनी ग्रेमियोकडून पुन्हा ३-४. या वेळी तीन गोल एकट्या लुइस सुआरेझचे. पुढे कोरितिबाविरुद्ध भरपाई वेळेत पेनल्टीवर आघाडी घेतली आणि जल्लोष ओसरायच्या आत गोल खाल्ला. शेवटच्या अकरा सामन्यांत एकही विजय नाही. हातातोंडाशी आलेला घास पाल्मेरासने नेला आणि बोताफोगो ६४ गुणांवर पाचव्या क्रमांकावर फेकला गेला. टेक्स्टर यांनी पंचांवर आणि व्यवस्थेवर भ्रष्टाचाराचे आरोप केले. निकाल काही त्याने बदलला नाही, आणि शेजारपाजारच्या क्लबांना चेष्टेसाठी आणखी एक विषय मिळाला.

पाचव्या क्रमांकाची शिक्षा म्हणजे पुढच्या वर्षी कोपा लिबर्तादोरेसमध्ये थेट गटात प्रवेश नाही, आधी दोन पात्रता फेऱ्या. लिबर्तादोरेस म्हणजे दक्षिण अमेरिकेची सर्वोच्च क्लब स्पर्धा, आणि बोताफोगोने ती कधीच जिंकली नव्हती. ब्राझीलचा फुटबॉल हंगाम हे एक वेगळंच प्रकरण आहे. तेव्हा जानेवारीत राज्य स्पर्धा सुरू व्हायची, एप्रिलमध्ये राष्ट्रीय लीग, अधेमधे राष्ट्रीय चषक आणि या सगळ्याच्या अंगावरून खंडाची स्पर्धा. रविवारी लीग, बुधवारी परदेशात, पुन्हा रविवारी लीग. २०२४ मध्ये बोताफोगो ७५ सामने खेळला. युरोपातला एखादा प्रशिक्षक हे वेळापत्रक बघून तोंडात बोट घालेल.

नेमका तिथलाच प्रशिक्षक आणला गेला. पहिल्या पात्रता फेरीत बोलिव्हियाच्या ऑरोराशी १-१ बरोबरी झाली आणि प्रशिक्षक तियागो नुनेस यांना निरोप मिळाला. हंगामी प्रशिक्षक फाबियो मातियास यांनी परतीचा सामना ६-० जिंकून दिला, त्यातले चार गोल ज्युनिअर सांतोसचे. हा गडी तरुणपणी बांधकामावर मजुरी करायचा आणि व्यावसायिक फुटबॉलमध्ये उशिरा आला. धावण्यात सफाई कमी, पण बॉल घेऊन सुटला की अडवणारा मागे लटकत राहतो. ब्रागांतिनोला हरवून दुसरी फेरीही पार पडली. एप्रिलमध्ये पोर्तुगालच्या ब्रागा क्लबचे आर्तुर जॉर्ज सूत्रं घ्यायला आले, तोवर गटातला पहिला सामना घरच्या मैदानावर कोलंबियाच्या ज्युनिअर नावाच्या क्लबने ३-१ असा नेला होता. पाठोपाठ कीटोच्या उंचीवर तिथल्या एलडीयू क्लबने १-० हरवलं. दोन सामने, शून्य गुण. पुढच्या चार सामन्यांत तीन विजय, एक बरोबरी, आणि गटात दुसरा क्रमांक.

राज्य स्पर्धेत तर उपांत्य फेरीही गाठता आली नव्हती. राष्ट्रीय चषकात बाहियाने बाहेर काढलं. ते एका अर्थी बरंच झालं, पायांना थोडी विश्रांती मिळाली.

जुलै-ऑगस्टपर्यंत संघाचा खरा साचा तयार झाला. स्पेनच्या बेतिसमधून आणलेला लुईझ हेन्रिके उजव्या कडेला. अटलांटाहून आलेला, विश्वविजेत्या अर्जेंटिना संघातला तियागो आल्मादा. व्हेनेझुएलाचा साव्हारिनो. आखातातून आलेला इगोर जेझुस पुढे. मागे अंगोलाचा बास्तोस आणि अर्जेंटिनाचा बार्बोझा. मधोमध कर्णधार मार्लन फ्रेतास आणि त्याच्या जोडीला ग्रेगोरे, ज्याचं काम बॉल हिसकावणं. आर्तुर जॉर्ज यांनी चार जणांना आक्रमणात ठेवून मधल्या दोघांवर सगळा भार टाकला. ब्राझीलच्या मानाने हे धाडसच, पण २०२४ चा बोताफोगो बघायला मजा यायची ती याचमुळे.

ऑगस्टचा एक आठवडा बघा. १४ तारखेला लिबर्तादोरेसच्या बाद फेरीत त्याच पाल्मेरासवर २-१ असा विजय. १८ ला लीगमध्ये फ्लामेंगोचा ४-१ असा धुव्वा. २१ ला साओ पाउलोत परतीचा सामना. दोन गोलांची आघाडी होती, शेवटच्या पाच-सात मिनिटांत पाल्मेरासने दोन्ही फेडले आणि भरपाई वेळेत तिसराही मारला. सामना पेनल्टी शूटआउटकडे निघाला म्हणेपर्यंत व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ पंचांनी, तो गोल हँडबॉलसाठी रद्द केला. २०२३ पासून मनात बसलेला धसका त्या काही मिनिटांत किती जणांच्या छातीत उतरला असेल!

उपउपांत्य फेरीत साओ पाउलोला पेनल्टी शूटआउटवर ५-४ असं हरवलं. तिथेही ८७ व्या मिनिटाला बरोबरीचा गोल खाल्ला होताच. उपांत्य फेरीत उरुग्वेचा पेन्यारोल. रिओत त्यांच्या समर्थकांनी किनाऱ्यावर दंगल केली, मध्यंतराला ०-० होतं आणि मग दुसऱ्या अर्धात बोताफोगोने पाच गोल मारले. परतीचा सामना १-३ हरूनही काही बिघडलं नाही.

इकडे लीगमध्ये मात्र जुनं दुखणं उपटलं. नोव्हेंबरमध्ये सलग तीन बरोबऱ्या झाल्या, आघाडी वितळली आणि पाल्मेरास पुढे सरकला. रिओभर पुन्हा तेच बोलणं सुरू झालं. आणि वेळापत्रकाची थट्टा बघा: मंगळवारी २६ नोव्हेंबरला पाल्मेरासच्याच मैदानावर लीगचा निर्णायक सामना, शनिवारी ३० तारखेला ब्युनोस आयर्समध्ये लिबर्तादोरेसचा अंतिम सामना. मंगळवारी बोताफोगो ३-१ जिंकला. पहिला गोल ग्रेगोरेचा. तिसरा आद्रिएल्सनचा, म्हणजे आदल्या वर्षी याच संघाविरुद्ध लाल कार्ड खाल्लेल्या त्याच बचावपटूचा. असलं कथानक कुणी लिहून आणलं असतं तर संपादकाने ते परत पाठवलं असतं.

शनिवारी समोर ब्राझीलचाच अतलेतिको मिनेरो. मोन्युमेंताल स्टेडियम गच्च भरलेलं, आपल्याकडे रात्रीचा दीड. खेळ सुरू झाला आणि मिनिट भरायच्या आत ग्रेगोरेने उंच उडालेल्या बॉलसाठी पाय उचलला. बूट फाउस्तो व्हेराच्या डोक्यावर बसला. व्हेरा रक्तबंबाळ. पंच फाकुंदो तेयो यांनी थेट लाल कार्ड काढलं. मंगळवारचा नायक शनिवारी पहिल्याच मिनिटाला बाहेर. उरलेला सगळा सामना दहा जणांनी खेळायचा, तोही क्लबच्या इतिहासातला सर्वांत मोठा.

अशा वेळी बहुतेक प्रशिक्षक एका आक्रमकाला बसवून बचावातला गडी आत आणतात. आर्तुर जॉर्ज यांनी कुणालाच लगेच बदललं नाही. चारही आक्रमक मैदानात ठेवले, साव्हारिनो आणि आल्मादा यांना खाली उतरून मार्लन फ्रेतासला हात द्यायला लावला आणि बॉल मिनेरोला देऊन टाकला. मिनेरो बॉल इकडून तिकडे फिरवत राहिला. एक माणूस जास्त असल्याचं करायचं काय, हे त्यांना उमगलंच नाही असं वाटत होतं. ३५ व्या मिनिटाला मार्लनचा फटका अडला, सुटलेला बॉल लुईझ हेन्रिकेने जाळ्यात टाकला. थोड्याच वेळात मिनेरोच्या बचावफळीने घोळ घातला, हेन्रिके मध्ये घुसला, गोलकीपर एव्हर्सनने त्याला पाडलं. व्हीएआरने पेनल्टी दिली आणि आलेक्स तेलेसने ती मारली. दहा जण २-० ने पुढे.

मध्यंतरानंतर बदली आलेल्या व्हार्गासने कॉर्नरवर हेडरने एक गोल फेडला. मग चाळीसहून अधिक मिनिटं नुसता तटबंदीचा खेळ. शेवटाकडे त्याच व्हार्गासला दोन सोप्या संधी मिळाल्या आणि दोन्ही त्याने हवेत घालवल्या. पायाच्या दुखापतीने कित्येक महिने बाहेर राहून परतलेला ज्युनिअर सांतोस उशिरा मैदानात उतरला होता. भरपाई वेळेचं सातवं मिनिट. उजव्या कोपऱ्यात बॉल त्याच्याकडे. अशा वेळी बॉल कोपऱ्यात दाबून घड्याळ संपवायचं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. ज्युनिअर सांतोस आत घुसला. गोलसमोरच्या गोंधळातून बॉल फिरून त्याच्याच पायाशी आला आणि त्याने तो ढकलला. ३-१. स्पर्धेतला त्याचा दहावा गोल, इतर कुणाहीपेक्षा जास्त.

लीग अजून उरली होती. बुधवारी इंटरनॅसिओनालवर १-० असा विजय, आणि शेवटचा सामना घरी, साओ पाउलोविरुद्ध, ८ डिसेंबरला, विलीनीकरणाला बरोबर ८२ वर्षं होत असताना. बरोबरीही पुरेशी होती. १-१ असताना भरपाई वेळेत गोल मारून २-१ केलं ते ग्रेगोरेनेच. ७९ गुण, पाल्मेरास ७३. एकाच हंगामात राष्ट्रीय विजेतेपद आणि लिबर्तादोरेस हे ब्राझीलमध्ये त्याआधी फक्त पेलेच्या सांतोसला आणि २०१९ च्या फ्लामेंगोला जमलं होतं.

पुढच्याच बुधवारी दोहामध्ये इंटरकॉन्टिनेंटल चषकाचा सामना होता. मेक्सिकोच्या पाचुकाने ३-० असं लोळवलं. जल्लोष, अटलांटिकपारचा प्रवास आणि पंचाहत्तरावा सामना. पायात काही उरलंच नव्हतं.

दक्षिण अमेरिकेत असा संघ दुसऱ्या वर्षी दिसत नाही. नवं वर्ष उजाडताच आर्तुर जॉर्ज कतारच्या अल रय्यानला गेले. आल्मादा टेक्स्टर यांच्याच मालकीच्या लिऑनला, लुईझ हेन्रिके रशियाच्या झेनितला. आणि ज्युनिअर सांतोसला विकत घेतलं अतलेतिको मिनेरोने.