मत्स्यालयातील माशांसाठी गोठविलेले खाद्य

गोठविलेले मत्स्यखाद्य म्हणजे शोभिवंत माशांना देण्यासाठी शून्याखालील तापमानात साठविलेल्या कीटकांच्या अळ्या, लहान कवचधारी जलचर किंवा वनस्पतिजन्य पदार्थ. बाजारात ते बहुधा छोट्या वड्यांच्या किंवा सपाट लादीच्या रूपात मिळते. जिवंत खाद्याची चव आणि सुक्या खाद्याची टिकण्याची सोय यांचा मेळ त्यात बऱ्याच अंशी साधला जातो. मात्र त्याचा उपयोग दोन गोष्टींवर अवलंबून असतो: कारखान्यापासून घरापर्यंत अखंड राहिलेली थंडी आणि टाकीतील पाणी बदलण्याची सोय. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरात उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि नळाचे पाणी अनेक वसाहतींना काही दिवसांच्या अंतराने मिळत आले आहे. अशा ठिकाणी केवळ पोषणमूल्याचा तक्ता पाहून खाद्य निवडणे पुरेसे ठरत नाही.

गोठविण्याने काय साधते

अन्न वेगाने गोठविण्याची आधुनिक पद्धत अमेरिकेतील क्लॅरेन्स बर्ड्सआय यांनी १९२० च्या दशकात विकसित केली. तिच्यातील मर्म वेगात आहे. पाणी सावकाश गोठले की बर्फाचे मोठे, टोकदार स्फटिक बनतात आणि पेशींची आवरणे फाडतात. असे खाद्य वितळताच पेशींतील रस बाहेर येतो व त्याबरोबर ब गटातील जीवनसत्त्वे, क जीवनसत्त्व आणि सुटी अमिनो आम्ले वाहून जातात. वेगाने गोठविल्यास स्फटिक बारीक राहतात व अळीचा आकार शाबूत राहतो. घरच्या फ्रीजमध्ये हा वेग मिळत नाही. एकदा वितळलेली वडी घरी पुन्हा गोठविली, तर तिच्यातील उरलेसुरले सत्त्वही पुढच्या खेपेस पाण्यात जाते.

गोठविण्यामुळे अनेक परजीवी मरतात. जीवाणू मात्र सर्वच मरत नाहीत, त्यांतील बरेच केवळ निष्क्रिय होतात. म्हणूनच काही उत्पादक गोठविलेल्या खाद्यावर गॅमा किरणांची प्रक्रिया करतात. पूर्वी हौशी मंडळी ट्युबिफेक्स हे तांबडे धाग्यासारखे कृमी जिवंत आणून माशांना घालीत. हे कृमी सांडपाणी मिसळलेल्या नाल्यांच्या चिखलात वाढतात आणि रोगजंतू व जड धातू आपल्याबरोबर आणतात. ते गोठविले तरी जड धातू तसेच राहतात. चांगले पर्याय उपलब्ध असताना ट्युबिफेक्स टाळणेच श्रेयस्कर.

वेष्टनावरील आकडे

सुक्या खाद्याच्या डब्यावर प्रथिने ४५ टक्के आणि गोठविलेल्या अळ्यांच्या पाकिटावर अवघी ६ टक्के, असे दिसल्यावर ग्राहक सहज फसतो. वास्तविक गोठविलेल्या खाद्यात बहुतांश पाणीच असते. पाकिटावर आर्द्रता ८८ टक्के असेल, तर उरलेला शुष्क भाग १२ टक्के होतो. त्या १२ भागांत ६ भाग प्रथिने म्हणजे शुष्क भाराच्या ५० टक्के. डब्यातील खाद्यात आर्द्रता ८ टक्के धरली, तर त्यातील प्रथिने शुष्क भाराच्या सुमारे ४९ टक्के येतात. म्हणजे दोन्ही जवळपास सारखीच! तुलना नेहमी शुष्क भारावरच करावी. ज्या पाकिटावर आर्द्रतेचा आकडाच नाही, त्याची तुलना करता येत नाही.

प्रमुख प्रकार

आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यातील चिमुकला कवचधारी जीव सर्वाधिक वापरला जातो. त्याच्या सुप्तावस्थेतील अंड्यांचा मोठा पुरवठा अमेरिकेच्या युटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेक या सरोवरातून होतो. महाराष्ट्रालाही हा जीव अपरिचित नाही; मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांत त्याची नोंद १९५० च्या दशकातच झाली होती. नुकत्याच बाहेर पडलेल्या पिलांत स्निग्धांश भरपूर असतो, पण अंड्यातील बलक संपताच तो झपाट्याने घटतो. म्हणून पिले बाहेर पडल्यावर काही तासांतच गोठविलेला माल उत्तम. पूर्ण वाढलेल्या आर्टेमियात प्रथिने चांगली असली तरी माशांना आवश्यक असलेले डीएचए हे मेदाम्ल फारच कमी असते. ते आधी खाऊ घालून समृद्ध केलेला आर्टेमिया निराळा विकला जातो. वेष्टनावर तसा उल्लेख आहे का, हे पाहावे. मायसिस या समुद्री जिवात ही मेदाम्ले मुळातच अधिक असतात. अशक्त किंवा अंड्यावर आलेल्या माशांसाठी तो महाग असला तरी उपयुक्त आहे.

ब्लडवर्म या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तू कृमी नसून कायरोनोमस या न चावणाऱ्या चिलटाच्या अळ्या असतात. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. मासे त्यांच्यावर अक्षरशः तुटून पडतात आणि इतर खाद्य नाकारू लागतात. त्यामुळे आठवड्यातून एकदोनदाच त्या द्याव्यात. डॅफ्निया, म्हणजे पाणपिसू, पोषणात तुलनेने हलकी. परंतु तिच्या कवचातील कायटिन आतड्यांची हालचाल सुधारण्यास मदत करते. डासांच्या अळ्याही गोठवून विकल्या जातात. ज्या गप्पी माशांना डासांच्या अळ्या फस्त करण्यासाठी डबक्यांत सोडले जाते, त्यांनाच घरच्या टाकीत त्या विकत आणून घालाव्या लागतात, ही एक गंमतच.

माशाचा आहार पाहून निवड

फायटर हा मुळात कीटकभक्षी आहे. त्याला ब्लडवर्म, डॅफ्निया व आर्टेमिया आलटून पालटून चालतात. गोल्डफिशला जठर नसते. त्यामुळे त्याला एका वेळी थोडेच खाद्य द्यावे आणि त्यात वनस्पतींचा वाटा मोठा ठेवावा. मॉली, गप्पी आणि सकर यांनाही हिरवे खाद्य लागते. यासाठी दुकानातील गोठविलेला मटार स्वस्त व सोयीचा ठरतो. तो गोठविण्यापूर्वी गरम पाण्यातून काढलेला असल्याने मऊ असतो. सालपट काढून गर चुरडून द्यावा. तुकडा माशाच्या तोंडात मावेल एवढाच हवा. बारीक निऑन टेट्राला मोठे ब्लडवर्म देणे निरर्थक आहे.

कोणतेही एकच खाद्य सतत देऊ नये, याला रासायनिक कारणही आहे. काही माशांच्या व शिंपल्यांच्या मांसात थायमिनेज हे विकर असते. ते ब१ जीवनसत्त्व नष्ट करते व गोठविल्यानंतरही क्रियाशील राहते. मराठवाड्यातील तलावांत आढळणारा सायप्रिनस (कॉमन कार्प) अशांपैकीच आहे. ऑस्करसारख्या मोठ्या मांसाहारी माशाला रोज त्याचेच कच्चे तुकडे घातले, तर पोट भरूनही मासा जीवनसत्त्वाच्या अभावाने दुबळा होतो.

पाण्यावरील परिणाम

छत्रपती संभाजीनगरास पैठणजवळील जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयातून पाणी पुरविले जाते. नळ दोन खेपांत किती दिवसांनी येईल, यावर घरातील सर्व बेत ठरतात. मत्स्यालयाचा क्रमांक त्यात शेवटचा. अशा घरात जादा पडलेल्या एका वडीची किंमत किती, हे हिशेबाने पाहता येते. वडी ३ ग्रॅमची व तिच्यात ६ टक्के प्रथिने धरल्यास प्रथिने ०.१८ ग्रॅम होतात. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे येथे सुमारे २९ मिलिग्रॅम. ही वडी न खाता ५० लिटरच्या टाकीत पूर्ण कुजली, तर प्रत्येक लिटरमागे ०.५८ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन तयार होऊ शकतो. जुन्या, नीट चालणाऱ्या फिल्टरमधील उपकारक जीवाणू तो हळूहळू पचवितात. नव्या टाकीत ते पुरेसे नसतात.

उन्हाळा यात भर घालतो. पाण्यातील अमोनियाचा एक भाग अधिक विषारी स्वरूपात असतो आणि सामू व तापमान वाढले की तो भागही वाढतो. सामू ७ व तापमान ३० अंश असताना हा वाटा १ टक्क्याहून कमी असतो. त्याच तापमानात सामू ८ झाला की तो ७ टक्क्यांच्या पुढे जातो. याशिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत वड्यांची संख्या घटविणे आणि दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालणे आवश्यक असते.

वडी थेट टाकीत टाकू नये. टाकीतलेच थोडे पाणी वाटीत घेऊन तीत ती वितळू द्यावी, बारीक जाळीतून गाळावी व रस फेकून द्यावा. गाळल्याने पोषक द्रव्ये वाया जातात, अशी हरकत काही जण घेतात. पण ती द्रव्ये एरवीही माशाच्या पोटात न जाता पाण्यातच मिसळली असती.

खरेदी व साठवण

साठवण उणे १८ अंशांवर किंवा त्याहून थंड असावी. पाकीट घेताना वड्यांच्या कडा पाहाव्यात. वड्या बसलेल्या असतील, बर्फ एका कोपऱ्यात गोळा झाला असेल, पाकिटात सुटे हिमकण असतील किंवा लाल अळ्या काळपटल्या असतील, तर माल वाटेत कोठेतरी वितळून पुन्हा गोठला आहे. दुकानदार रात्री डीप फ्रीजरचा खटका बंद करीत नाही ना, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. खरेदी सर्वांत शेवटी करावी आणि पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून थर्मोकोलच्या डब्यातून आणावे. वीज बराच वेळ गेल्यास फ्रीजर उघडू नये. वड्या पूर्ण वितळल्या असतील तर त्या टाकून द्याव्यात. गोठलेल्या अवस्थेतही स्निग्ध पदार्थ हळूहळू खवट होत राहतात, त्यामुळे स्वस्त मिळते म्हणून वर्षभराचा साठा करण्यात लाभ नाही.

घरगुती मिश्रण

कोळंबी, पालक व मटार वाटून ते जिलेटिनमध्ये किंवा चायना ग्रासमध्ये थिजवून घरीही खाद्य करता येते. मिश्रण पातळ थरात पसरून गोठवावे. थर जेवढा पातळ, तेवढे गोठणे जलद. जीवनसत्त्वाचे थेंब घालायचे असल्यास मिश्रण कोमट झाल्यावर घालावेत. समुद्रापासून दूर असलेल्या या शहरात ताजी कोळंबी रोज मिळेलच असे नाही. सुका जवळा वापरायचा झाल्यास तो बिनमिठाचा पाहावा किंवा अनेकदा पाणी बदलून भिजवावा.

हाताळणीतील धोका

ब्लडवर्ममधील हिमोग्लोबिन माणसात तीव्र ॲलर्जी निर्माण करू शकते, हे वैद्यकीय अभ्यासांत नोंदले गेले आहे. वारंवार हाताळणाऱ्यांना शिंका, डोळ्यांना खाज, अंगावर पित्त उठणे आणि क्वचित दमा असे त्रास होतात. सुकविलेल्या अळ्यांच्या धुळीने ते अधिक बळावतात. वडी चिमट्याने उचलावी, हात साबणाने धुवावेत व खाद्य घट्ट झाकणाच्या स्वतंत्र डब्यात, घरच्या अन्नापासून वेगळे ठेवावे. डब्यावर ठळक अक्षरांत नाव लिहावे, कारण गोठलेली लाल वडी लहान मुलांना बर्फाच्या गोळ्यासारखी दिसू शकते.