कुठल्या ओळीवरून म्हणतोस?

पहाटे साडेपाच

घरचे उठायच्या आत मी आजचा उतारा लिहून काढते. बाजारातल्या मार्गदर्शकांत उतारे ढिगानं मिळतात, पण बरेचसे एका साच्याचे असतात : एक थोर पुरुष, त्याचा एक गुण, शेवटी उपदेश. असे चारपाच उतारे सोडवले की मुलं न वाचताच उत्तर ओळखायला लागतात. मला ते नको असतं, म्हणून वर्गासाठी उतारे शक्यतो मीच लिहिते. आमची शाळा कराड तालुक्यात, कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात आहे. जानेवारीत कारखाने जोरात असतात आणि रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. तेव्हा आजचा उतारा ट्रॉलीचा.

रात्रीची वेळ, ट्रॉली चढणीला अडकते. ड्रायव्हर खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावतो. टाकीत डिझेल भरपूर असतं, रस्ताही मोकळा असतो. पण एकट्या ट्रॅक्टरला ती चढण झेपणारी नसते. तो भावाला फोन लावतो आणि बांधावर बसून राहतो. प्रश्न : ड्रायव्हर पुढे का गेला नाही? पर्याय चार. डिझेल संपले होते. रस्ता बंद होता. तो दुसऱ्या ट्रॅक्टरची वाट पाहत होता. ऊस खाली सांडला होता. योग्य उत्तर कुठल्याही एका ओळीत लिहिलेलं नाही, दोन ओळी जोडल्या तरच ते हाती लागतं. असा प्रश्न जमला की माझी सकाळ चांगली जाते.

पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत पहिला पेपर प्रथम भाषा आणि गणित यांचा. भाषेचे 25 प्रश्न, गणिताचे 50, मिळून 75 प्रश्न, 150 गुण आणि वेळ 90 मिनिटं. एका प्रश्नाला सरासरी 72 सेकंद येतात. उतारा, कविता, जाहिरात, सूचनाफलक, बातमी हे सगळं वाचायचं ते त्यातच. गणिताची शाब्दिक उदाहरणंही वाचूनच सोडवायची असतात. ज्या मुलाचं वाचन अडखळतं त्याला गणित येत असूनही त्याचे गणिताचे गुण जातात, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. मी स्वतः ही परीक्षा चौथीत दिली होती. 2016-17 पासून ती पाचवीला आली, आणि आता पुन्हा चौथीला नेण्याचा निर्णय झाला आहे. वर्ग कुठलाही असो, वाचनाची गाठ सुटत नाही.

सव्वानऊ

शाळा साडेदहाची, पण परीक्षेला बसणारी मुलं सव्वानऊला हजर असतात. आज समूहदर्शक शब्द घ्यायचे होते. मुलांनी यादी आधीच पाठ केलेली : केळ्यांचा घड, किल्ल्यांचा जुडगा, पोत्यांची थप्पी, नाण्यांची चळत, भाकऱ्यांची चवड. म्हणून दाखवायला सांगितलं तर एका दमात म्हणतात. ओळ मधूनच विचारली की चळत भाकऱ्यांना जाते आणि चवड नाण्यांना.

मी टेबलावर एकेक रुपयाची नाणी एकावर एक रचली. एका मुलाच्या डब्यातल्या तीन भाकऱ्या ताटलीत एकावर एक ठेवल्या. पोत्यांची थप्पी बघायला सगळे पोषण आहाराच्या कोठीच्या दारात जाऊन आलो. मग म्हटलं, पुस्तक मिटा आणि घरात, रानात, दुकानात एकावर एक रचलेलं काय काय असतं ते सांगा. विटा, कौलं, गोवऱ्या, दुकानातले बिस्किटांचे खोके. एकजण म्हणाला, "आज्जी भाकऱ्या थापती तवा चवड चुलीम्होरं असती." मी फळ्यावर "चुलीपुढे" असं लिहिलं आणि शेजारी "चुलीम्होरं"ही लिहिलं. घरची बोली मी पुसत नाही. पेपरात प्रमाण शब्द येणार हे मुलांना कळतं, पण त्यासाठी आजी चुकीचं बोलते असं त्यांच्या मनात बसता कामा नये.

उसाची मोळी आली तेव्हा मागच्या बाकावरची मुलगी आपण होऊन उभी राहिली. ती बीड जिल्ह्यातली, आईवडील ऊसतोडीला आलेत, दिवाळीनंतर शिक्षण हमी कार्ड घेऊन आमच्या वर्गात दाखल झाली. एरवी फारसं बोलत नाही. आज मात्र तिनं सांगितलं की मोळी वाढ्यानं बांधतात, बांधताना गुडघा दाबून धरायचा, आणि माय ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. वाढं म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा, हे आमच्या मुलांना माहीत होतं, पण ओली फळी पायाखाली कशी सरकते ते त्यांना ठाऊक नव्हतं. पाठोपाठ तिनं फड, टोळी, कोयता, मुकादम, कोपी असे शब्द अर्थासकट लिहून दिले. शब्दसंग्रह हे जर परीक्षेचं माप असेल, तर ही मुलगी मागे नाही. तिला अडतो तो सूचनाफलक, कारण तसला फलक तिच्या वाटेवर कधी लागलेलाच नाही. पोहण्याच्या तलावाचे नियम, ग्रंथालयाची वेळ, मॉलमधली सवलतीची जाहिरात हे सगळं तिला परकं आहे. तयारी करून घ्यायची ती याची.

साडेदहा

परिपाठ. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा झाली की पाचवीचं एक मूल वर्तमानपत्रातली बातमी मोठ्यानं वाचतं आणि दुसरं त्यावर एक प्रश्न विचारतं. कोण, कुठे, केव्हा हे प्रश्न मुलं पहिल्या आठवड्यातच विचारायला लागली. "का" विचारायला बराच वेळ गेला. आता ते विचारतात.

अकरा

हा तास सगळ्या वर्गाचा. परीक्षेला बसणारी आणि न बसणारी अशी विभागणी मी या तासाला होऊ देत नाही. पाचवीच्या वर्गात दुसरीचं पुस्तक अडखळत वाचणारी मुलं असतात, हे गावोगावच्या शिक्षकांना माहीत आहे. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत 2005 पासून मुलाचं वाचन अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी तपासतात. ती कसोटी मला फार उपयोगी वाटते, कारण पाच मिनिटांत मूल कुठं थांबलंय ते कळतं. मी त्याच पायऱ्यांनी गट पाडते, आणि निकाल चांगला लागावा म्हणून खालच्या गटाचा वेळ वरच्या गटाला कधी देत नाही. गावात फ्लेक्स लागतो तो शिष्यवृत्तीधारकांचा. जोडाक्षर वाचायला लागलेल्या पोराचा फ्लेक्स कुणी लावत नाही, पण मला त्याचं काम तेवढंच मोलाचं आहे.

मराठी वाचताना मुलं कुठं अडकतात हे ऐकून ऐकून पाठ झालंय. पहिली अडचण 'र'ची. हे एक व्यंजन चार रूपांनी भेटतं : चक्र, सूर्य, राष्ट्र, भाकऱ्या. आज परिच्छेदाच्या गटातला एक मुलगा 'दऱ्या' हा शब्द 'दर्या' असा वाचून पुढे गेला. वाक्य होतं, "महाबळेश्वरच्या दऱ्या धुक्याने भरल्या." मी त्याला थांबवलं नाही, वाक्य संपू दिलं आणि विचारलं, "महाबळेश्वरात काय भरलं?" तो म्हणाला, "समुद्र." मग स्वतःच थांबला. "महाबळेश्वरात कुठला समुद्र, बाई?" मागे गेला, त्या शब्दावर बोट ठेवलं, र चं ते आडवं रूप नीट पाहिलं आणि दऱ्या असं बरोबर वाचलं. अर्थ जुळत नाही हे ज्याच्या लक्षात आलं, त्याचं वाचन सुरू झालं. उच्चाराची दुरुस्ती मी चटकन केली असती तर तो पुढे वाचत गेला असता, समुद्र मात्र महाबळेश्वरातच राहिला असता.

'ट्र' आम्ही ट्रॅक्टरवरून शिकतो. ट्रॉल्यांच्या मागं रंगवलेली नावं, "आईचा आशीर्वाद", "अंतर ठेवा", हे आमच्या गावातलं चालतं वाचनालय आहे. अक्षरगटातल्या मुलांना रोज एक ट्रॉली वाचून यायची असते.

दीड

खिचडी. जेवण लवकर उरकलेली मुलं वाचनपेटीवर बसतात. पेटीत 'किशोर'चे जुने अंक आहेत. बालभारतीनं हे मासिक 1971 च्या बालदिनी सुरू केलं आणि त्याचे कितीतरी अंक आता मोफत ऑनलाइन वाचता येतात. ते मी छापून आणते. फास्टर फेणे पेटीत थांबतच नाही, सतत कुणाच्या तरी दप्तरात असतो. या वेळी मी एकही प्रश्न विचारत नाही. मुलानं पुस्तक उघडलं की लगेच "यातून काय शिकलास" असं विचारणं मला पटत नाही.

दोन

सराव चाचणी. ट्रॉलीचा उतारा वाटला. उत्तरपत्रिका छापील, गोल रंगवायचे. गोल पेनानं रंगवला की खोडता येत नाही, त्यामुळे मुलांचा हात धजत नाही आणि वेळ तिथंच जातो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही गोल रिकामा सोडायचा नाही, हे मी रोज सांगते.

वर्गातल्या निम्म्या मुलांनी "डिझेल संपले होते" रंगवलं. मला ते अपेक्षित होतं. उताऱ्यात पाहिलेला शब्द पर्यायात दिसला की मूल तोच पर्याय धरतं. भाषेच्या पेपरात सगळ्यात जास्त गुण या सवयीपायी जातात. त्यावर माझा एकच प्रश्न असतो : "कुठल्या ओळीवरून म्हणतोस?" प्रत्येकानं ओळीवर बोट ठेवायचं. बोट ठेवल्यावर वाचलं, "टाकीत डिझेल भरपूर होते." पाचसहा तोंडं एकदम हसली. मग तिसऱ्या पर्यायावर वाद पेटला. "बाई, वाट बघत होता असं कुठंच लिहिलं नाही!" बरोबर आहे, नाही लिहिलं. एका मुलीनं दोन ओळींवर दोन बोटं ठेवली : एक, एकट्याला चढण झेपत नव्हती, दोन, भावाला फोन लावला. "भावाचापण ट्रॅक्टर असणार. दोन ट्रॅक्टर लावूनच चढवतात." तिच्या वडिलांचा ट्रॅक्टर आहे. मी विचारलं, ज्याच्या घरी ट्रॅक्टर नाही त्याला हे उत्तर मिळेल का? मुलं विचारात पडली. मग एकानं शोधून काढलं की उरलेले तीन पर्याय उताऱ्यातल्या ओळींनीच खोडता येतात किंवा त्यांचा उल्लेखच नाही, म्हणजे उरतो तो एक. हे त्यानं स्वतः शोधलं, म्हणून ते परीक्षेतही त्याला आठवेल.

विरुद्धार्थी शब्दांवर आज घाईघाईनं गेले. मुलं सगळ्यालाच 'अ' लावतात : उपयोगीला अनुपयोगी, सजीवला असजीव. निरुपयोगी, निर्जीव, अपकीर्ती, अवगुण असे चारचारचे गट करून दिले. वाक्प्रचार मी यादीनं घेत नाही, दिवसभर बोलण्यात पेरते. "तुमच्या गडबडीकडे मी बराच वेळ कानाडोळा करतेय हां," असं म्हटलं की त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. ज्यांनी तो नुसता यादीत पाहिला होता, त्यांना कान आणि डोळा दुखतोय असं वाटलेलं.

तीन ते पाच

गणित, परिसर अभ्यास, खेळ.

साडेपाच

शाळा सुटल्यावर उसाच्या फडाशेजारी ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर गेले. त्या मुलीचा परीक्षेचा अर्ज तिच्या गावच्या शाळेनं भरलाय, म्हणजे केंद्र बीड जिल्ह्यात. परीक्षा फेब्रुवारीत, आणि तेव्हा तर तोडणी ऐन भरात असते. वडील म्हणाले, "एका दिवसासाठी एवढं जायचं, बाई? कोयता बंद राहिला की उचल फिटत नाही." त्यांचं म्हणणं खोटं नाही. मी त्यांना पैशाचं सांगितलं : शिष्यवृत्ती मिळाली तर वर्षाला 5,000 रुपये, तीन वर्षं. मिळेलच असं मी म्हटलं नाही. मग मुलीला पुढं बोलावलं आणि तिनं सकाळी लिहिलेली शब्दांची वही वडिलांना वाचून दाखवायला सांगितली. फड, टोळी, कोयता. "हे आपलंच लिवलंय की," असं म्हणून ते ऐकत राहिले. आई तवा उतरवून जवळ आली. गावी आजी आहे. आठ दिवस आधी तिला आजीकडे सोडायचं, जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवायचं, असं बोलणं निघालं, पण ठरलं नाही. रविवारी पुन्हा येते म्हणून निघाले. दरम्यान तिच्या गावच्या शिक्षकांना फोन करून प्रवेशपत्र आजीच्या घरी पोहोचवायची विनंती करायची आहे.

रात्री नऊ

वह्या तपासताना मी फक्त चुकलेली उत्तरं पाहत नाही, बरोबर उत्तराखाली ओळ लिहिलीय का तेही पाहते. नुसत्या नशिबानं बरोबर आलेलं उत्तर पुढच्या वेळी चुकणार हे नक्की असतं. आज तीन वह्यांत उत्तर बरोबर आणि ओळ भलतीच आहे. त्या तिघांना उद्या सव्वानऊला आधी बोलवायचं.

पालकांच्या गटावर एका वडिलांचा निरोप आलाय : "मॅडम, समानार्थी शब्दांचं अजून कोणतं पुस्तक आणू? दोन आणलेत." मुलगा हुशार आहे, पाण्याला जल, नीर, उदक, तोय असे सगळे शब्द धडाधड सांगतो, पण कवितेतल्या ओळीत 'नीर' आला की त्याला लोणंदजवळची नीरा नदी आठवते. मी लिहिलं, तिसरं पुस्तक आणू नका. रोज रात्री जेवणानंतर त्याला वर्तमानपत्रातली एक बातमी तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवू द्या. नवीन शब्द आला की त्या वाक्यावरून अर्थ काय वाटतो ते त्यालाच विचारा, आणि मगच तुम्ही सांगा. दहा मिनिटं पुरेत.

थोड्या वेळानं उत्तर आलं : "कुठली बातमी वाचायची?"

मी लिहिलं, "ऊसदराची चालेल. तुम्हीही लक्ष देऊन ऐकाल."